जागणार की झोपणार? इंदूरच्या गच्चीवर पतंगांचा प्रकाश-सापळा

पतंग, म्हणजे रात्री दिव्यावर येणारे मॉथ, पाहायला सापळा कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: रात्री जागणार की झोपणार? जागणार असाल तर पांढरी चादर आणि एक दिवा पुरे. झोपणार असाल तर बादलीचा सापळा. किती वॉट, कुठली बॅटरी, कुणाची रचना, ही चर्चा त्यानंतरची. मी दोन्ही वापरतो, कारण शनिवारी जागता येतं आणि मंगळवारी ऑफिस असतं.

हे सगळं राजेंद्रनगरातल्या एका साध्या गच्चीवरचं आहे. मागे रिकामा प्लॉट, त्यात एरंड आणि गाजरगवत, कुंपणावर चढलेली गुळवेल, पुढे शेजाऱ्यांची कण्हेर आणि तगर. जंगल म्हणावं असं काही नाही. तरी पावसाळ्यातल्या चांगल्या रात्री चादरीवर तीस-चाळीस प्रकारचे पतंग येऊन बसतात. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. फुलपाखरांच्या जाती त्यांच्या सातव्या हिश्श्याहून कमी भरतील, पण कौतुक सगळं फुलपाखरांचं, कारण ती दिवसा दिसतात.

नाव सापळा असलं तरी इथे कुणालाही मारायचं नाही. पाहायचं, फोटो काढायचा, नोंद करायची आणि सोडून द्यायचं. म्हणून शेतीसाठी मिळणारे सोलर सापळे, ज्यांच्या तळाशी रॉकेल मिसळलेलं पाणी असतं, ते आपल्या कामाचे नाहीत. निळ्या उजेडाची, तडतड वाजणारी मच्छर मारायची मशीनही नाही. तिच्यातली ट्यूब मात्र आपल्याला हवी आहे.

दिवा: पैसे इथेच खर्च करा

दिव्याच्या प्रेमात पडून पतंग जीव देतो, ही झाली कवींची बाजू. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं दिव्याभोवतीचं उडणं टिपलं. त्यात दिसलं ते असं: उडताना किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे एरवी एवढ्यानं वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला बरोबर कळतं. जवळ दिवा आला की हिशोब चुकतो. पाठ दिव्याकडे वळते आणि तो फेऱ्यांत अडकतो. दिव्याच्या वर आला तर चक्क उलटा होऊन खाली आदळतो. आपल्या कामापुरता याचा अर्थ इतकाच की पतंग दिव्यावर बसायला येत नाही, दिव्याजवळ गोंधळतो आणि हाताशी येईल त्या जागेवर टेकतो. ती जागा आपण द्यायची. चादर म्हणजे तेच, आणि बादलीतले अंड्यांचे ट्रे म्हणजेही तेच.

पतंगांना सर्वांत जास्त खेचतो तो आखूड तरंगलांबीचा उजेड, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा यूव्ही-ए. घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये तो जवळपास नसतोच, म्हणून पोर्चमधला एलईडी लावून "काहीच येत नाही" म्हणणारे फार भेटतात. जुन्या खणात एखादा सीएफएल पडला असेल तर सुरुवात त्याच्यावर करा. एलईडीपेक्षा तो बराच बरा.

खरी सोय ८ किंवा १५ वॉटच्या 'बीएल' (ब्लॅकलाइट) ट्यूबची. मिठाईच्या दुकानांत काउंटरच्या वर माश्यांसाठी जे मशीन टांगलेलं असतं त्यात हीच असते. बंद असताना ती साध्या ट्यूबसारखी दुधट पांढरी दिसते, लावली की निळसर. तिचा उजेड ३६५ नॅनोमीटरच्या आसपास असतो. 'बीएलबी' नावाची बहीणही मिळते. तिची काच काळपट जांभळी असते आणि डोळ्यांना उजेड कमी जाणवतो. शेजाऱ्यांच्या खिडक्या अगदी समोर असतील तर ही घ्या.

आता एक गोष्ट नीट वाचा. दुकानात जाऊन नुसती "यूव्ही ट्यूब" मागू नका. मी मागितली होती, आणि एका दुकानदारानं मोठ्या आत्मविश्वासानं पाण्याच्या फिल्टरमधली ट्यूब हातात ठेवली. लांबी तीच, पिना त्याच, ट्यूब लावायच्या पट्टीत बसतेही. पण ती यूव्ही-सी, २५४ नॅनोमीटरची, जंतू मारणारी. तिच्यासमोर थोडा वेळ उभं राहिलात तरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि कातडी भाजते. ओळखायची खूण सोपी आहे: यूव्ही-सी ट्यूबची काच पाण्यासारखी पारदर्शक असते, आतली तार आरपार दिसते. पारदर्शक असेल तर परत करा, भाव कितीही कमी असो. महाराणी रोडवर आता मी सरळ सांगतो, "भिया, मिठाईवाले जो मक्खी की मशीन लगाते हैं, उसकी ट्यूब." लगेच मिळते. सोबत त्याच वॉटची पट्टी आणि इलेक्ट्रॉनिक चोक घ्या.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त 'यूव्ही' एलईडी पट्ट्या बहुतेक ३९५ ते ४०५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांवर पतंग येतात, पण कमी. घ्यायचीच तर ३६५ लिहिलेली घ्या.

राहिला १६० वॉटचा मर्क्युरी दिवा. संशोधक मंडळी पूर्वापार तो वापरतात, चोक लागत नाही, थेट होल्डरमध्ये बसतो आणि खेचतोही दणकून. नवख्यानं मात्र घेऊ नये असं माझं मत. तो इतका तापतो की पावसाचा एक थेंब पडला तरी काच तडकते, आणि बाहेरची काच फुटूनही दिवा चालू राहिला तर आतून यूव्ही-सीच बाहेर पडतो. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, चिनी मातीचा लागतो. लाइट गेली की पुन्हा पेटायला दिवा निवेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. शिवाय अर्ध्या कॉलनीत दिवस उगवतो.

बीएल ट्यूबकडेही टक लावून बघत बसू नये. यूव्ही अडवणारा चष्मा असला तर बरंच संरक्षण होतं. मी काम करताना ट्यूब नेहमी पाठीशी ठेवतो.

चादर: जागणाऱ्यांसाठी

दोन मीटर बाय दीड मीटर पांढरं सुती कापड. क्लॉथ मार्केटमध्ये लट्ठ्याचा तुकडा मिळतो. पॉलिस्टर नको, त्यावर पतंगांचे पाय ठरत नाहीत. कापड टिनोपालमध्ये धुतलेलं असेल तर ट्यूबखाली निळं चमकतं, फोटोत रंग बिघडतात; नवं कापड नुसत्या पाण्यातून काढून वापरा.

गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी हाच आपला स्टँड. कापड चिमट्यांनी टांगा आणि खालचा दोन-तीन फुटांचा भाग जमिनीवर पुढे पसरून ठेवा, कडांवर विटा. ही खालची पट्टी लोक विसरतात. निम्मे पतंग तिथेच उतरतात, आणि तुम्ही पायाखाली घालता. चपला काढून, टॉर्चनं पाहत, पाऊल सरकवत फिरायचं.

ट्यूब कापडापासून वीतभर पुढे, साधारण छातीच्या उंचीवर, उभी किंवा आडवी टांगा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. मी तो उलट्या बादलीखाली विटेवर ठेवतो, वायरचे जोड सगळे त्याच बादलीखाली. ओल्या गच्चीवर अनवाणी फिरणार आहात हे लक्षात ठेवा. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, नसेल तर बॅटरीवर चालवा. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी ८ वॉटच्या ट्यूबला, चोकचा खर्च धरून, चारेक तास नीट पुरते. कागदावर आठ तास निघतात, पण अशी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं तर ती लवकर मरते. बॅटरीवर चालवायचं तर १२ व्होल्टवर चालणारा चोक मागून घ्या.

अंधार पडताच दिवा लावा. पहिल्या तासात बारीकसारीक: तुडतुडे, शेणकिडे, रातकिडे, एखादा नाकतोडा. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे ढगानं येतात. तेव्हा हट्ट करू नका, अर्धा तास दिवा बंद करून खाली जेवून या. मोठे हॉक मॉथ, म्हणजे जाड अंगाचे, जोरात उडणारे पतंग, बहुधा उशिरा येतात, रात्री दहानंतर. आल्याचं कानाला आधी कळतं, छोट्या पंख्यासारखा घुं आवाज येतो आणि मग कापडावर थप्प.

एका किड्याची मात्र ओळख हवी: मुंगीएवढा, लांबट, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा पेडेरस. चावत नाही, पण मानेवर बसला आणि तुम्ही सवयीनं चिरडलात तर त्याच्या रसानं दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. फुंकर मारून उडवायचा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्याला रुमाल, हा माझा गणवेश. शेजारच्या काकू त्याला 'मच्छरवाल्याचा ड्रेस' म्हणतात.

बादली: झोपणाऱ्यांसाठी

जगात याच्या बऱ्याच रचना आहेत. १९५० पासूनचा रॉबिन्सन ट्रॅप गोल आणि मोठा, मर्क्युरी दिव्यासाठीचा. स्किनर ट्रॅप म्हणजे लाकडी खोकं, वर दोन उतरत्या पट्ट्या आणि मधे फट. हीथ ट्रॅप छोटा, उचलून नेण्याजोगा. आपली बादली हीथच्या नात्यातली.

घर रंगवताना उरलेली २० लिटरची रंगाची बादली घ्या, झाकणासकट. आतून घासून वास जाईपर्यंत धुवा आणि दोन दिवस उन्हात ठेवा. आता नरसाळं. विकतची नरसाळी फार चिंचोळी असतात, तोंडातून हॉक मॉथ जातच नाही. मला उपयोगी पडला तो २० लिटरचा पाण्याचा फुटका जार. खांद्याच्या खाली चार बोटांवर तो गोल कापला आणि मानेकडचा भाग उलटा धरला, की गुळगुळीत उताराचं नरसाळं तयार. मानेचं भोक पाच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे नेमकं हवं तेवढं. बादलीच्या झाकणाला गोल भोक पाडून हे नरसाळं त्यात वरून बसवा. जार घेण्याआधी बादलीच्या तोंडाचं माप टेपनं घ्या. मी घेतलं नव्हतं, आणि पहिला जार अर्ध्या इंचानं वाया गेला.

नरसाळ्याच्या मधोमध ट्यूब उभी राहील आणि तिच्याभोवती तीन पारदर्शक पाती, वरून पाहिलं तर मर्सिडीजच्या चिन्हासारखी. पात्यांसाठी दोन-तीन मिलिमीटरची अॅक्रेलिक शीट, प्रत्येक पातं ट्यूबच्या लांबीचं आणि नरसाळ्याच्या काठापर्यंत रुंद. साइनबोर्डवाल्यांकडे कापून मिळतं. पाती वर आणि खाली तारेनं बांधा. फेऱ्या मारणारा पतंग पात्यावर आपटतो, घसरतो, नरसाळ्यातून खाली जातो. वर स्टीलची जुनी परात उलटी, पावसाला छप्पर म्हणून, पात्यांच्या टोकांपासून निदान चार बोटं वर. चोक आणि वायरचे जोड त्या परातीच्या आत.

बादलीत कागदी लगद्याचे अंड्यांचे ट्रे उभे भरा. प्लॅस्टिकचे नकोत. आत पडलेला पतंग खळग्यात शिरतो, तिथे अंधार मिळतो आणि तो गप्प बसतो. ट्रे नसले तर सगळे तळाशी फडफडत एकमेकांचे पंख झिजवतात. ट्रे घरी आणले त्या दिवशी आईनं स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं होतं: "घरात अंडी?" अंडी नाहीत, नुसती त्यांची घरं आहेत, हे समजावण्यात अर्धा तास गेला. ट्रे आजही जिन्याखालीच राहतात.

तळाला तीन-चार भोकं पाडा, आतून जाळी चिकटवा, बादली दोन विटांवर ठेवा. मी पहिल्या सापळ्याला भोकं पाडली नव्हती. रात्री दोन वाजता सर आली, मी खाली झोपलेलो. सकाळी तळाशी तीन बोटं पाणी आणि त्यात लगदा झालेले ट्रे. त्या लगद्यात एक कण्हेरीवरचा हॉक मॉथ होता, हिरव्या-गुलाबी नागमोडी नक्षीचा, ओला, पंख कागदासारखे चिकटलेले. मी तोपर्यंत तो फक्त फोटोत पाहिला होता. त्यानंतर भोकं न पाडता एकही बादली वर गेली नाही.

कुठली रात्र निवडायची

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि अमावास्येला गोल करा. चांदणं असलं की दिवा फिका पडतो. पौर्णिमेच्या आगेमागे दोन-चार दिवस सरळ सुट्टी घ्या. अमावास्येच्या जवळची, ढगाळ, दमट, वारा नसलेली, संध्याकाळी सर येऊन गेलेली रात्र सर्वांत चांगली. माळव्यात असा मोसम जूनअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. थंडीत पारा पंधराच्या खाली गेला की दिवा लावणं म्हणजे वीज जाळणं.

माझी आवडती रात्र दीप अमावास्येची. संध्याकाळी घरातले सगळे दिवे घासून-पुसून पाटावर मांडून पूजा होते, कणकेचे दिवे होतात, आणि रात्री मी माझा दिवा वर नेतो. २०१२ पासून जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात जगभर 'नॅशनल मॉथ वीक' पाळतात. २०२५ मध्ये दीप अमावास्या २४ जुलैला, त्याच आठवड्यात आली होती.

रोज मात्र लावू नका. सापळ्यात अडकलेला पतंग त्या रात्री ना खात, ना जोडीदार शोधत. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. ट्यूब रस्त्याकडे न वळवता प्लॉटकडे वळवा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. न सांगता लावलेला निळा दिवा काय काय अफवा उठवतो ते मी पाहिलंय.

सकाळी

उन्हं यायच्या आधी उठा. साळुंक्या आणि बुलबुल दोन दिवसांत शिकतात की या गच्चीवर सकाळी फराळ असतो. बादली सावलीत आणून आधी बाहेरची बाजू, परातीची आतली कड, भिंत हे सगळं पाहा. बरेच पतंग आत न जाता बाहेरच बसलेले असतात, आणि भिंतीवरची पाल त्यांच्याकडे बघत असते. मग दिवा काढून झाकण हळू उचला आणि ट्रे एकेक करून, उताणे न करता, बाहेर घ्या.

पंख चिमटीत धरायचे नाहीत. बोटाला लागणारी ती पूड म्हणजे पंखांवरचे खवले. पारदर्शक झाकणाची छोटी डबी पतंगावर ठेवा, खालून कागद सरकवा. केसाळ, पिवळट, लोकरीसारख्या पतंगांना तर हातच लावू नका, काहींच्या केसांनी खाज सुटते. हॉक मॉथ बोटावर घेतलात तर तो लगेच उडत नाही. आधी पंख नुसते थरथरू लागतात, मोबाइल व्हायब्रेट व्हावा तसे, कारण उडायचे स्नायू तापवावे लागतात. मिनिटभरात थरथर इतकी वाढते की पंख दिसेनासे होतात, आणि बोट एकदम हलकं होतं.

फोटो सरळ वरून, दोन्ही पंख पूर्ण दिसतील असा. शेजारी मोजपट्टी ठेवा. दुसरा फोटो बाजूनं. वहीत तारीख, वेळ, दिवा, ढग-पाऊस लिहा, आणि "काही आलं नाही" हेही लिहा. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकलात की अॅप लगेच नाव सुचवतं. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. सुरुवातीला कुळापर्यंत (फॅमिली) किंवा प्रजातीपर्यंत (जीनस) नाव लागलं तरी पुष्कळ झालं. 'मॉथ्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर फोटो ताडून पाहता येतात.

पहिल्या पावसाळ्यात ओळखी झाडांवरून करा, हा माझा हट्ट आहे. मागे एरंड आहे, म्हणून एरंडावर वाढणारा अकाया जनाता येतो. सोयाबीनचा मोसम आहे, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात स्पोडोप्टेरा लिटुरा चादर भरून टाकतो; शेतकऱ्याला विचारा, त्याची अळी तो झोपेत ओळखेल. कण्हेर-तगर म्हणजे तो हिरवा हॉक मॉथ. वड किंवा उंबर जवळ असेल तर पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेले असोटा. आणि गुळवेल असेल तर युडोसिमा मटेर्ना. याचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे, तुम्ही नजर फिरवून पुढे जाल इतके साधे. डबीच्या कडेनं हलकेच ढोसलं की ते पुढे सरकतात आणि खालून नारिंगी-काळे पंख उघडे पडतात. लहानपणी गुळवेल कुंपणावरून काढून टाका म्हणून मीच आईच्या मागे लागायचो. आता त्या वेलीला कुणालाच हात लावू देत नाही.

फोटो झाले की पतंग झुडपांत सोडा, एकाच जागी सगळे नकोत, दरवेळी वेगळ्या कोपऱ्यात. पक्षी जागा लक्षात ठेवतात.

गच्चीचा कंटाळा आला की लोकांना लगेच रालामंडल किंवा चोरलचं जंगल दिसू लागतं. रालामंडल अभयारण्य आहे. तिथे रात्री दिवा लावायचा तर वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि वनखात्याची जमीन कुठलीही असो, विचारल्याशिवाय चादर टांगू नये. ओळखीच्या कुणाचं महू किंवा सिमरोळकडे शेत असेल तर त्यांना विचारा. शेताच्या बांधावरची एक रात्र गच्चीवरच्या पाच रात्रींना भारी पडते. फक्त बॅटरी भरून न्या आणि गमबूट घाला, दिव्याखाली बेडूक जमतात आणि बेडकांमागे साप.

ऑक्टोबरअखेर ट्यूब पुसून मूळ खोक्यात ठेवा. बीएल ट्यूब निळी दिसत राहते पण तिचा यूव्ही हळूहळू कमी होतो, म्हणून दोनेक पावसाळ्यांनी बदला. कापड धुऊन घडी करा. अंड्यांचे ट्रे मात्र दर वर्षी नवे आणा. जुन्यांत मुंग्या घर करतात, आणि जिन्याखाली मुंग्या झाल्या तर आईचा मुद्दा बरोबर ठरतो.